ऐसा जे

मन्मथअप्पा हालगे चहा सांगतात.
मी नको म्हणते, तरी दोन येतात.
बीदर रोडला त्यांच्या गाड्यांच्या रांगेत
अजून एक फट आहे, पडलेल्या दाताएवढी.
शुक्रवारपर्यंत माझी गाडी तिथं उभी होती.

"सुदामतीबाई, एक बारीकशी दुरुस्ती हाय."

बावीस वर्षं झाली
उदगीरच्या तहसिलीसमोर पत्र्याखाली बसते मी.
बारीकशी दुरुस्ती घेऊन येणारा माणूस
चप्पल काढत नाही,
नुसती ढिली करतो.

करारनामा मीच लिहिला होता.
दुसऱ्या कुणाच्या हातचा मला चालला नसता.
लिहून देणार मन्मथ शिवमूर्ती हालगे, वय ५४, धंदा मोटारविक्री,
लिहून घेणार सुदामती गोरोबा कांबळे, वय ४७, धंदा दस्तलेखन,
कारणे करारनामा लिहून देतो ऐसा जे...
त्या 'ऐसा जे'पाशी पेन जरा थांबलं होतं.
जन्मभर दुसऱ्यांच्या नावापुढं लिहिलेला शब्द
पहिल्यांदा माझ्या अंगावर आला,
नव्या ब्लाउजसारखा,
काखेत थोडा घट्ट.

मला वाटलं, किंमत.
तीन लाख पंच्याऐंशी आता कमी वाटत असतील.
भांडायचं म्हणून पदर खोचूनच गेले होते.

"किंमतीचं नाव नका काढू ओ.
उलट वीस हजार माघारी घ्या.
नुसती तारीख.
ह्या शुक्रवारची मागच्या शुक्रवारची करा.
आठ दिसांत काय हाय?"

ड्रॉवरमधून मुद्रांक काढला,
अहमदपूरचा शिक्का, पाठीवर जुनी तारीख,
एकही घडी न पडलेला.
असा कागद सापडत नसतो.
त्याच्यासाठी माणूस पाठवावा लागतो,
त्या माणसाला जेवायला पैसे द्यावे लागतात.

रक्कम फिरवायला आलेले मी शेकड्यानं बघितलेत.
नुसती तारीख मागणारे थोडे.
ते पाणी फार पितात.
अप्पांनी त्यांचा ग्लास संपवला,
मग माझा.

काचेपलीकडं त्यांचा विश्वंभर गाडी पुसत होता.
एकच गाडी, तिचं एकच दार,
किती वेळ.

तेव्हा मला माझ्या गाडीचा डावा दिवा आठवला.
उजवा पिवळट, मोतीबिंदू झालेला.
डावा कोरा, लख्ख.
घेताना खूश झाले होते मी,
चला, एक तरी नवा.

"त्या आठवड्यात गाडी कुठं गेली होती, अप्पा?"
"कुठं जाती? हितंच होती की."
"मग तारीख पण हितंच राहू द्या."

ते हसले. मीही हसले असेन.
चहावर साय धरली होती.

खोटं कशाला बोलू,
मागची तारीख मी घातलीय. एकदा.
देवणीकडची एक बाई होती,
दीर शब्द देऊन फिरायच्या आत तिचा कागद व्हावा म्हणून
चार दिवस मागं सरकवले.
हात कापला नाही.
ते चार दिवस मला माहीत होते,
कोण जेवलं, कोण उपाशी, कुणी कुणाला काय म्हटलं.
हे आठ दिवस मला माहीत नाहीत.
नळेगाव रोडला कुणीतरी रात्री पडला म्हणून
पत्र्याखाली कुजबुज होती त्या आठवड्यात,
मी मान वर केली नव्हती,
वाटणीपत्राची चौथी प्रत काढत होते.

गाडी घेऊन घरी आले.
करारनामा डिकीतून काढून ज्वारीच्या कोठीत ठेवला,
खाली जुनं वर्तमानपत्र, वर सूप.
फोन वाजला. पन्नास, म्हणाले अप्पा.
मग आवाज खाली गेला,
"बाई, एकुलतं हाय ओ ते."
मी म्हटलं, "बघते."
काय बघते, ते मलाच कळलं नाही.

रात्री उशिरा गाडीत जाऊन बसले.
किल्ली फिरवली.
समोरच्या भिंतीवर दोन उजेड पडले,
एक हळदीचा, एक चुन्याचा,
आणि दोन्हींच्या मध्ये
शेजारच्या पोराची सायकल.

किती तरी वेळ दिवे बंद करायचं
सुचलं नाही.